सात नंबरची बत्ती: बंद पडलेली गॅसबत्ती पुन्हा कशी पेटवली

हेडफोन लावलेत ना? मग आधी हा आवाज ऐका.

[सूंऽऽऽ असा सलग आवाज, दहा सेकंद]

ओळखलं का? कुकर नाही, गॅसची शेगडी नाही, पंक्चर झालेली ट्यूब तर नाहीच नाही. ही आहे गॅसबत्ती. तुमच्या आईबाबांनी लहानपणी लग्नाच्या वरातीत पाहिलेली, आणि तुम्ही पाहिली असेल तर बहुतेक एखाद्या हॉटेलच्या कोपऱ्यात, शोभेला ठेवलेली. ज्यांनी हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचायला घेतलाय त्यांनी हा आवाज मनातल्या मनात काढावा. आज आपण याच आवाजाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे तो बंद कसा पडतो, परत सुरू कसा करायचा, आणि तो करताना मी स्वतःला भाजून घेण्यापासून कशी थोडक्यात वाचले.

झालं असं, की गेल्या दिवाळीत मी घोडेगावला घरी गेले होते. माळा साफ करायचं काम माझ्या वाट्याला आलं. एका जुन्या पोत्यात गुंडाळलेली बत्ती सापडली. काच नाही, टोपी चेपलेली, टाकीवर काजळी आणि तेलाचा चिकट थर. नेमका तेव्हाच दारात मोडवाला उभा. त्याने बत्ती काट्यावर टाकली, पितळेचा किलोचा भाव सांगितला, आणि बाबा हो म्हणणार तेवढ्यात आज्जी आतून ओरडली, "ती सात नंबरची आहे. ती द्यायची नाही!"

मी टाकी उलटी करून पाहिली. खरंच, बुडाला छिन्नीने ७ कोरलेला होता. शेजारी दोन अक्षरं. ती अक्षरं आमच्या घरातल्या कुणाच्याच नावाची नव्हती. तेव्हा मी त्याकडे फार लक्ष दिलं नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं की आमचे आजोबा जुन्या आंबेगावात बत्त्या भाड्याने द्यायचे. लग्न, जत्रा, भजनाचा सप्ताह, कुठेही. पुढे घोड नदीवर डिंभे धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं, माणसं उठून इकडे तिकडे गेली. बाकीच्या बत्त्या कुठे गेल्या माहीत नाही. आमच्याबरोबर आली ती ही एकच.

मी आज्जीला म्हणाले, "आज्जी, मी पेटवून दाखवते." इथून पुढची गोष्ट तीन महिने चालली.

कंदील वेगळा, बत्ती वेगळी

आधी एक घोळ मिटवू. बरेच जण कंदिलाला बत्ती आणि बत्तीला कंदील म्हणतात. कंदील साधा. खाली रॉकेल, त्यात वात, वात रॉकेल वर ओढते, टोकाला जळते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होता, तो या जातीचा. त्यात दाब नाही, आवाज नाही, उजेडही बेताचा आणि पिवळा.

गॅसबत्तीत वात नाही. नावात गॅस आहे, पण सिलिंडरही नाही. आत असतं रॉकेलच. मग गॅस कुठून येतो? तर बत्ती तो स्वतः तयार करते. चार पायऱ्या आहेत, नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी दुरुस्ती याच चार पायऱ्यांवर आहे.

पहिली, दाब. टाकीत पंपाने हवा भरायची. ती हवा रॉकेलला वर ढकलते.

दुसरी, उष्णता. रॉकेल वर जातं ते एका पितळी नळीतून, आणि ती नळी ज्योतीच्या अगदी शेजारून जाते. नळी तापलेली असते म्हणून आतल्या रॉकेलची वाफ होते.

तिसरी, हवा. ही वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोरात बाहेर येते आणि येता येता बाहेरची हवा ओढून घेते. तो सूंऽऽ आवाज मुख्यतः या धारेचा.

चौथी, मेंटल. वाफ आणि हवेचं मिश्रण एका छोट्याशा जाळीच्या पिशवीत जळतं. ही पिशवी म्हणजे मेंटल. ज्योत स्वतः निळसर असते, तिचा उजेड फार नसतो. तापलेलं मेंटल पांढरंशुभ्र चमकतं, आणि आपल्याला दिसतो तो उजेड त्याचा.

गंमत बघा, वाफ करायला उष्णता पाहिजे, आणि उष्णता मिळते वाफ जळल्यावर. मग सुरुवात कशी करायची? म्हणून पेटवताना खालच्या वाटीत स्पिरिट ओतून आधी नळी तापवतात. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे लगेच कळेल. स्टोव्हला स्पिरिटचा काकडा लावायचे ना, तेच हे.

ही रचना जगभर गाजवली ती बर्लिनच्या एहरिख अँड ग्रेट्झ कंपनीने. १९१० च्या आसपास तिथल्या मॅक्स ग्रेट्झने रॉकेलची अशी बत्ती बाजारात आणली. पेट्रोलियममधला 'पेट्रो' आणि त्याच्या नावातला 'मॅक्स', म्हणून पेट्रोमॅक्स. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या बत्तीला सरसकट पेट्रोमॅक्स म्हणतात, झेरॉक्ससारखंच.

माझी चूक, तुम्ही करू नका

आता माझं शहाणपण ऐका. रॉकेल शोधायला निघाले तर मिळेना. रेशनवरचं निळं रॉकेल आता जवळपास दिसतच नाही. रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले. एका परदेशी माणसाने अगदी अशीच दिसणारी बत्ती आणली, त्यात पेट्रोल ओतलं, पंप मारला, काडी लावली, बत्ती सुरू. स्पिरिट नाही, काही नाही. मी म्हटलं, सोप्पंय की! गाडीतून अर्धा लिटर पेट्रोल काढून बाटलीत भरूनही ठेवलं.

नशीब माझं, की पंपाचा वायसर खराब होता आणि तो कुठेच मिळेना. घोडेगावात विचारलं, मंचरला विचारलं, शेवटी कुणीतरी सांगितलं, जुन्नरच्या पेठेत एक काका आहेत, अजून स्टोव्ह आणि बत्त्या दुरुस्त करतात. गेले. काकांनी बत्ती हातात घेतली, हलवून पाहिली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काका, पेट्रोलवर चालवणार आहे."

काकांनी बत्ती खाली ठेवली. "पोरी, घरी कोण कोण असतं तुझ्या?"

मी म्हणाले, आईबाबा, आज्जी.

"मग त्यांना सांगून ये, की मी उद्या घर पेटवणार आहे."

मग त्यांनी मला बसवून समजावलं. मी नंतर वाचून खात्री केली, ती अशी. पेट्रोलवर चालणाऱ्या बत्त्या खरंच असतात. अमेरिकेतल्या कोलमन कंपनीने १९१४ साली पेट्रोलचा लँटर्न आणला, आणि तिकडे शेतकऱ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. व्हिडिओतला तसलाच होता. पण त्याची नळी, जेट, झडपा सगळं त्या इंधनासाठी बनवलेलं असतं. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला ते साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलला तशी वाफ सुटायला शून्याखाली चाळीस अंशसुद्धा पुरतात. म्हणजे आपल्या घरातल्या हवेत पेट्रोलची वाफ कायम तयारच असते. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल घातलं की टाकी तापते, आतला दाब वाढत जातो, एखाद्या वायसरमधून वाफ बाहेर आली की शेजारी ज्योत आहेच. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ झाल्यावर स्टोव्ह का भडकायचे, त्याचं कारणही हेच.

म्हणून या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल नाही. थोडंसं नाही, मिसळून नाही, "एकदाच बघू" म्हणून नाही. रॉकेल मिळालं नाही तर बत्ती थांबेल. तिला घाई नाही.

उघडायची कशी, तपासायची कशी

आता दुरुस्ती. हे सगळं काकांच्या दुकानात स्टुलावर बसून शिकले.

एक, टाकी. आधी हवेचा स्क्रू सोडायचा, उरलेला दाब काढायचा, मगच झाकण उघडायचं. जुनं रॉकेल ओतून द्यायचं, थोडं ताजं घालून खळखळून धुवायचं. टाकी पितळेची, त्यामुळे लोखंडासारखी गंजत नाही, पण जुन्या पितळेला बारीक चिरा जातात. त्या शोधायच्या कशा? टाकी बंद करायची, थोडी हवा भरायची आणि पाण्याच्या बादलीत बुडवायची. सायकलच्या ट्यूबसारखंच. बुडबुडे येतील तिथे गळती. आमच्या बत्तीत बुडबुडे आले ते फक्त झाकणापाशी, म्हणजे रबराचा वायसर बदलून भागलं. टाकीलाच चीर असती तर काकांनी हात लावला नसता. इंधन राहिलेल्या टाकीला डाग द्यायला ज्योत लावणं म्हणजे परत तोच बॉम्ब. अशी टाकी शोभेला ठेवायची, पेटवायची नाही.

दोन, पंप. दांडा ओढून दाबला तर हाताला जोर लागला पाहिजे. लागत नसेल तर चामड्याचा वायसर सुकलाय. बऱ्याचदा तो बदलावाही लागत नाही. मशीनच्या तेलात रात्रभर भिजवा, बोटाने त्याच्या कडा वाटीसारख्या फाकवा, परत बसवा. गोडं तेल नको, ते चिकट होतं. आमचा वायसर मात्र पार फाटला होता. काकांनी जुन्या चपलेच्या चामड्यातून नवा कापला.

तीन, पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह. हवा आत जाऊ द्यायची, बाहेर येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो खराब आहे हे कळतं कसं? पंप मारून सोडला की दांडा आपोआप वर येतो. आणि उघडून पाहिलं तर पंपाच्या नळीत रॉकेल आलेलं असतं. आतला इवलासा रबराचा तुकडा बदलला की काम झालं.

चार, नळी आणि निपल. वर्षानुवर्षं रॉकेल तापून आत काजळीचा कडक थर बसतो. नळी काढून तो साफ करायचा. निपलचं भोक साफ करायला एक बारीक पिन असते, बत्तीच्या बाजूची मूठ फिरवली की ती वरखाली होते. भोकात सुई, टाचणी, सेफ्टी पिन घालायची नाही. भोक जरा जरी मोठं झालं तरी जास्त वाफ येते, हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते आणि मेंटल काळं पडतं.

पाच, घासायचं बेताने. मी उत्साहात तारेचा ब्रश घेऊन सुरू झाले होते. काका म्हणाले, "थांब, वर निकेलचा मुलामा आहे तो जाईल. आणि बुडाला काहीतरी कोरलंय, ते कशाला पुसतेस?" मग चिंच आणि मऊ फडकं, तेही जिथे पितळ उघडं पडलंय तिथेच.

मेंटलची गोष्ट, आणि त्यातलं थोरियम

मेंटल हे सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात हुशार. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८९१ पर्यंत मिश्रण पक्कं केलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम ऑक्साइड. सुती जाळी या धातूंच्या क्षारात भिजवायची. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे राहतो तो ऑक्साइडचा सांगाडा, राखेसारखा. हा सांगाडा तापला की अदृश्य उष्णता तुलनेने कमी फेकतो आणि दिसणारा उजेड जास्त देतो. म्हणून एवढासा तुकडा अख्खं अंगण उजळतो.

आणि हे थोरियम कुठून यायचं, माहितीय? केरळच्या समुद्रकाठच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं. युरोपातल्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे उजळायला मग आपल्या किनाऱ्यावरची वाळू जहाजाने जायला लागली.

थोरियम किंचित किरणोत्सारी असतं. घाबरायचं कारण नाही, पण काळजी घ्यायची. जुनं मेंटल फुटलं तर त्याची राख फुंकायची नाही, नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. ओल्या फडक्याने उचलायची, हात धुवायचे, जेवणाच्या ओट्यावर हे काम करायचं नाही. बऱ्याच कंपन्या आता थोरियमऐवजी इट्रियम वापरतात, तसलं मेंटल मिळालं तर उत्तमच.

आणि एकदा पेटलेल्या मेंटलला बोट लावायचं नाही. काडीचा धक्का लागला तरी भोक पडतं, आणि त्या भोकातून ज्योत सरळ काचेवर जाते. मग काच तडकते. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तरी तेच.

पेटवायची वेळ

पुण्यातल्या एका मैत्रिणीने पांढरं रॉकेल मिळवून दिलं. काच जुन्या बाजारात मिळाली. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी अंगणात बत्ती ठेवली. घरात नाही, कारण बंद खोलीत ही बत्ती कार्बन मोनॉक्साइडही सोडते, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

फडक्यातून गाळून पाऊण टाकी रॉकेल. वर हवेला जागा हवी म्हणून पूर्ण नाही. मूठ बंद, हवेचा स्क्रू सैल. वाटीत स्पिरिट, काडी लावली. निळी ज्योत नळीभोवती फिरत राहिली. ती विझत आली की घाईने वरून स्पिरिट ओतायचं नाही, कारण ज्योत धारेवरून बाटलीत चढते. नळी पुरेशी तापली नाही असं वाटलं तर विझू द्यायचं, थंड होऊ द्यायचं, परत पहिल्यापासून. थंड नळीवर मूठ उघडली तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं आणि अख्खी बत्ती पिवळ्या जाळात न्हाते. माझ्या पहिल्या खेपेला हेच झालं. हवेचा स्क्रू सोडला, दाब गेला, जाळ बसला. शेजारी वाळूची बादली ठेवली होती, ती लागली नाही, पण ठेवायचीच.

दुसऱ्या खेपेला स्पिरिट संपत आल्यावर स्क्रू आवळला, हळूहळू पंप मारला, मूठ उघडली. आधी फुस्स. मग मेंटल एका बाजूने लाल, मग पिवळं, आणि मग एकदम पांढरं. अंगणातल्या तुळशीची सावली भिंतीवर धारदार पडली. तुम्ही सुरुवातीला जो आवाज ऐकलात, तो त्याच रात्री रेकॉर्ड केलाय.

सात नंबर म्हणजे कोण

आज्जी खुर्चीत बसून बघत होती. मला वाटलं होतं खूश होईल. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "किती जवळ ठेवलीयेस गं. तुझे आजोबा ही डोक्यावर घ्यायचे."

मी म्हणाले, "डोक्यावर? ते तर भाड्याने द्यायचे ना?"

"ते नंतर. आधी दुसऱ्याच्या बत्त्या वाहायचे. त्या मालकाकडे ओळीने बत्त्या होत्या. एक नंबरचा, दोन नंबरचा. तुझे आजोबा सात नंबर. त्यांना नावाने कुणी हाकच मारायचं नाही. 'ए सात, पुढं हो', 'ए सात, पंप मार'."

बुडाची ती दोन अक्षरं त्या मालकाची होती. त्याने धंदा बंद केला तेव्हा आजोबांनी पहिली विकत घेतली ती हीच.

आज्जी सांगत गेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती. कपाळाच्या वर गरम टाकी, त्याच्या वर सूंऽऽ आवाज, रात्रभर. वरात नाचायला थांबली की यांनीही थांबायचं, पण मान हलवायची नाही, हलली तर मेंटल पडतं आणि त्याचे पैसे मजुरीतून जातात. नारायणगावचे फड जत्रेला आले, की बोर्डाच्या दोन्ही बाजूंना बत्त्या टांगायच्या आणि दर थोड्या वेळाने पंप मारायला कडेला उभं राहायचं. विठाबाई नारायणगावकरांचा तमाशा आजोबांनी असा पाहिला, कडेला उभं राहून, अर्धं लक्ष बोर्डावर आणि अर्धं मेंटलवर.

"आमच्या लग्नाचा एक फोटो आहे बघ," आज्जी म्हणाली. "उजेड सगळा बत्तीचाच. धरणारा कुठे दिसतोय का बघ."

आजोबांच्या डोक्यावर मधोमध एक गोल टक्कल होतं, लहानपणी आम्ही त्यावर टपली मारून हसायचो. ते कशाने पडलं, हे मला त्या रात्री कळलं. बाबांनाही तेव्हाच कळलं. ते उठून आत गेले आणि फोटो घेऊन आले. खरंच, कडेला फक्त एक हात दिसतो.

मंडळी, बत्ती आता चालते. महिन्यातून एकदा पेटवते, मग थंड झाली की टाकी रिकामी करून ठेवते. भरलेली ठेवायची नाही. ७ आणि ती दोन अक्षरं तशीच आहेत. बाबा म्हणाले होते, खाली आजोबांचं नाव कोरून घेऊ. आज्जी म्हणाली, कोरा, पण सात पुसू नका.

तुमच्या माळ्यावर अशी बत्ती असेल तर मोडीत घालायच्या आधी तिला उलटी करून बघा, बुडाला काय लिहिलंय ते. आणि ती कुणी वाहिली हे सांगणारं माणूस घरात असेल, तर दुरुस्तीच्या आधी त्यांच्याशी बोला. वायसर पुढच्या वर्षीही कापून मिळेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. आणि पेट्रोल फक्त गाडीत!